आंब्याच्या सालीवरील दगडफूल : रोग नव्हे, झाडाच्या स्थितीची खूण

कोकणातील आंबा, काजू, नारळ व सुपारीच्या बागांतून पावसाळ्यात फिरताना झाडांच्या खोडांवर आणि जुन्या फांद्यांवर राखाडी, हिरवट किंवा पांढरट रंगाचे थर नजरेस पडतात. काही थर सालीला रंग फासल्याप्रमाणे घट्ट चिकटलेले असतात, तर काही कोबीच्या पानाप्रमाणे कडेने सुटे व कुरळे असतात. बागायतदार त्यांना 'शेवाळ', 'बुरशी' किंवा 'खवले' म्हणतात. दरवर्षी पावसाळ्यात सालीचे असे तुकडे कागदात गुंडाळून आणले जातात आणि एकच प्रश्न विचारला जातो, "ही बुरशी कशाने जाईल? कलम वाळत चालले आहे."

या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. कलम वाळत आहे हे खरे असते. सालीवर थर आहे हेही खरे असते. मात्र पहिल्या गोष्टीचे कारण दुसरी गोष्ट नसते. ही गल्लत झाल्यामुळे बागायतदार मजूर लावून खोड खरवडतात, ताम्रयुक्त औषधांच्या फवारण्या करतात आणि समाधान मानतात. तोपर्यंत झाडाचे खरे दुखणे आतल्या आत वाढत राहते. म्हणून सालीवरील या वनस्पतीची नीट ओळख करून घेणे फायद्याचे आहे.

दगडफूल म्हणजे काय?

हा थर शेवाळाचा नसतो आणि नुसत्या बुरशीचाही नसतो. शास्त्रीय मराठीत याला 'शैवाक' म्हणतात. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे शैवाकच होय. नाव दगडफूल असले तरी बाजारात मिळणाऱ्या दगडफुलातील बराच भाग झाडांच्या सालीवरून गोळा केलेला असतो.

शैवाक ही एक वनस्पती नसून कवक म्हणजे बुरशी आणि सूक्ष्म हिरवे शैवल यांची कायमची भागीदारी आहे. बुरशीच्या धाग्यांचे घर असते आणि त्या घरात शैवलाच्या हिरव्या पेशी राहतात. शैवल सूर्यप्रकाशात हवेतील कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून अन्न तयार करते. त्यातील मोठा वाटा बुरशीला मिळतो. मोबदल्यात बुरशी शैवलाला कडक उन्हापासून आडोसा देते आणि ओलावा धरून ठेवते. ही भागीदारी प्रथम स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर यांनी १८६७ मध्ये मांडली. त्या वेळी अनेक शास्त्रज्ञांनी ती मानली नव्हती. पुढे ती सर्वमान्य झाली. काही शैवाकांत या दोघांखेरीज यीस्टच्या गटातील आणखी एक बुरशी असते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

महाराष्ट्रात शैवाकांच्या अभ्यासाची चांगली परंपरा आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, सह्याद्रीतील शैवाकांचा मोठा संग्रह जमविण्यात आला आहे.

आपल्या झाडांवरील एक ठळक जात

उष्ण प्रदेशात सर्वत्र आढळणारी आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातही दिसणारी पानासारखी जात म्हणजे पार्मोट्रेमा टिंक्टोरम. पूर्वीच्या पुस्तकांत ती पार्मेलिया टिंक्टोरम या नावाने आढळते. १९७४ मध्ये ती पार्मोट्रेमा या प्रजातीत घालण्यात आली. तिची ओळख पुढीलप्रमाणे पटते.

१. वरचा पृष्ठभाग राखेच्या रंगाचा असतो. भिजल्यावर त्यात हिरवट छटा येते.

२. पाळ्या रुंद व गोलसर असून कडा सालीपासून सुटून वर उचललेल्या असतात. हाताने ओढल्यास तुकडा सहज निघतो.

३. खालचा पृष्ठभाग मध्यभागी काळा व कडेला तपकिरी असतो. मधल्या काळ्या भागावर बारीक काळे तंतू असतात.

४. जुन्या भागावर, विशेषतः मध्यभागी, वाळूच्या कणांसारखे बारीक काटे असतात. बोट फिरविल्यास पृष्ठभाग खरखरीत लागतो. हे काटे मोडून वारा व पाण्याबरोबर पसरतात आणि त्यांपासून नवीन शैवाक तयार होते.

५. वरचा थर नखाने खरवडून आतील पांढऱ्या भागावर ब्लिचिंग पावडरच्या ताज्या पाण्याचा एक थेंब टाकल्यास तो भाग लगेच लाल होतो. लेकॅनोरिक आम्ल या द्रव्यामुळे हा रंग येतो. इतर काही शैवाकेही असा रंग देतात. त्यामुळे ही परीक्षा वरील खुणांच्या जोडीने करावी.

सुपारी व नारळाच्या खोडावर दिसणारे पांढरट चट्टे हीसुद्धा बहुधा शैवाकेच असतात, परंतु ती चपट्या, पापुद्र्यासारख्या प्रकारातील असतात. त्यांपैकी ग्राफिस या प्रजातीच्या शैवाकावर काळ्या बारीक रेघा असतात आणि कोणी खोडावर अक्षरे कोरली आहेत असा भास होतो. हे चट्टे सुपारीच्या कोळे रोगाशी किंवा नारळाच्या खोडावरील डिंक्याशी संबंधित नसतात.

झाडाला अपाय होतो काय?

शैवाकाला मुळे नसतात. खालच्या बाजूचे काळे तंतू केवळ पकड घेण्यासाठी असतात. ते सालीच्या बाहेरील मृत थरात अडकतात. रस वाहून नेणाऱ्या आतील जिवंत सालीपर्यंत ते पोहोचत नाहीत. शैवाक आपले अन्न स्वतः तयार करते आणि पाणी व खनिजे पाऊस, धुके, दव आणि धूळ यांतून घेते. खोड त्याला फक्त बसण्यापुरती जागा देते. हेच शैवाक निर्जीव कातळावर, दगडी गडग्यावर आणि जुन्या कौलांवरही वाढते. कौलातून अन्न मिळत नाही, तरी ते तेथे वाढते, यावरून ही गोष्ट सहज पटावी.

बांडगुळाशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीच्या लाकडात घुसवून झाडाचे पाणी व क्षार ओढून घेते. म्हणून बांडगूळ फांदीसह कापून काढणे आवश्यक असते. दगडफुलाच्या बाबतीत असे करण्याचे कारण नाही.

पावसाळ्यात ते अचानक वाढल्यासारखे का दिसते?

उन्हाळ्यात शैवाक पूर्ण वाळते, ठिसूळ होते आणि सालीच्या रंगात मिसळून जाते. अशा स्थितीत ते मरत नाही, फक्त त्याचे काम थांबते. पहिल्या पावसात काही मिनिटांतच ते पाणी शोषून फुगते, मऊ होते आणि आतील शैवलाचा हिरवा रंग बाहेरून दिसू लागतो. त्यामुळे 'आठ दिवसांत बुरशी सगळ्या खोडावर पसरली' असे वाटते. वास्तविक ते आधीपासून तेथेच असते. शैवाकाची वाढ अतिशय मंद, साधारणतः वर्षाला काही मिलीमीटर असते. तळहाताएवढे दगडफूल तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. आठ दिवसांत खरोखरच काही पसरले असेल, तर ते दगडफूल नव्हे, दुसरे काही आहे असे समजावे.

अशक्त झाडावरच ते जास्त का दिसते?

बागायतदारांचे हे निरीक्षण बरोबर असते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. शैवाकाला तीन गोष्टी लागतात. उजेड, दमट हवा आणि बराच काळ न हलणारी साल. भरदार कलमाच्या दाट पानोऱ्याखाली खोडावर उजेड कमी पडतो. शिवाय जोमाने वाढणाऱ्या फांदीचा घेर वाढत असल्याने तिची साल ताणली जाते, तडकते आणि नवी होत राहते. अशा सालीवर शैवाकाला स्थिरावण्यास वेळ मिळत नाही. पेरूची साल पापुद्र्यांनी सुटून पडते, त्यामुळे पेरूच्या खोडावर मोठे पानासारखे दगडफूल टिकत नाही.

कलमाची पाने कमी झाली व वाढ खुंटली की खोडापर्यंत ऊन पोहोचते आणि साल तशीच राहते. मग शैवाक वाढते. म्हणजे आधी झाड अशक्त होते आणि नंतर दगडफूल वाढते. बारीक फांद्यांच्या टोकापर्यंत ते पोहोचले असेल, तर त्या फांद्यांची वाढ कित्येक वर्षांपासून थांबलेली आहे, असा त्याचा अर्थ होतो. अर्थात जुन्या निरोगी झाडाच्या खोडावरही दगडफूल असते, ते स्वाभाविक आहे. उलट, ताम्रयुक्त औषधे वारंवार फवारलेल्या बागेत शैवाके कमी दिसतात, म्हणून ती बाग निरोगी आहे असेही समजू नये.

मग खरे कारण कोठे शोधावे?

खोडावर दगडफूल आहे आणि कलम खंगत आहे, असे दिसल्यास खरवडण्यात दिवस न घालविता झाडाची पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. खोडाचा बुंधा व फांद्यांचे बेचके पाहावेत. भुसा, विष्ठा किंवा छिद्रातून ओघळलेला रस दिसल्यास खोडकिडीचा उपद्रव समजावा. आंब्यावरील या मोठ्या भुंगेऱ्याची अळी सालीखाली व लाकडात पोखरत जाते. एखादी फांदी अचानक पिवळी पडून वाळणे हे तिचे नेहमीचे लक्षण आहे. तारेच्या आकडीने अळी बाहेर काढावी, छिद्रात शिफारस केलेले कीटकनाशक सोडून तोंड चिखलाने बंद करावे.

२. काजूच्या झाडाचा बुंधा व उघडी मुळे जमिनीलगत तपासावीत. तेथे डिंक व भुसा आढळल्यास खोड व मुळे पोखरणारी अळी आहे. ही कीड थोड्याच काळात संपूर्ण झाड मारते. येथे उशीर अजिबात करू नये.

३. आळ्यात पाणी साचते काय, मुळे कुजली आहेत काय, हे पाहावे. जांभ्या कातळावरील बागेत मुळांना माती पुरेशी आहे काय, याचाही विचार करावा.

४. खते केव्हा व किती दिली याची नोंद तपासावी. पॅक्लोब्युट्राझोलसारखे वाढ रोखणारे संजीवक वर्षानुवर्षे देऊन खतांची जोड न दिल्यास कलमे थकतात.

५. जुन्या बागेत कलमांच्या फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत काय, हे पाहावे. तसे असल्यास विरळणी व छाटणीबाबत विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा सल्ला घ्यावा.

ओळखताना होणारी गल्लत

दगडफुलाशी गल्लत होऊ शकेल अशी पुढील दुखणी मात्र खरोखर अपायकारक आहेत.

तांबडा तांबेरा : हा सेफॅल्युरॉस नावाच्या परोपजीवी शैवलामुळे होतो. पानांवर व कोवळ्या काड्यांवर विटकरी, मखमली गोल ठिपके येतात. पुढे ते राखाडी पांढरे होतात. उपद्रव जास्त असल्यास कॉपर ऑक्सिक्लोराइड ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून फवारावे. याच शैवलाशी एक बुरशी भागीदारी करते आणि पानांवर पांढरट गोल शैवाक तयार होते. यातील शैवल परोपजीवी असल्याने हा एक अपवाद समजावा. परंतु ते पानांवर असते, खोडाच्या जाड सालीवर नव्हे.

गुलाबी रोग : भर पावसाळ्यात फांद्यांच्या बेचक्यांत प्रथम पांढरे जाळे व नंतर गुलाबी थर दिसतो. साल तडकते व पुढील फांदी वाळते. रोगट फांदी निरोगी भागापासून कापून जाळावी आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. त्यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर हे प्रमाण घ्यावे.

काजळी : तुडतुडे व पिठ्या ढेकणांच्या गोड चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी पानांवर पसरते. येथे उपाय किडीवर करावा लागतो.

बोटाने केलेली साधी परीक्षाही उपयोगी पडते. दगडफूल उचलल्यावर खालची साल कोरडी व शाबूत असते. रोगाच्या थराखाली साल काळी पडलेली, मऊ, तडकलेली किंवा रस गळणारी असते.

खरवडण्याचे तोटे

कोयत्याने किंवा तारेच्या ब्रशाने खोड खरवडल्यास दगडफुलाबरोबर सालही सोलली जाते. अशा जखमांतून रोगकारक बुरशी शिरते आणि खोडकिडीच्या मादीला अंडी घालण्यास सोयीची जागा मिळते. म्हणजे न झालेला रोग जाऊन खरा रोग येण्याची वाट मोकळी होते. शिवाय कोरड्या हवामानात खरवडल्यास शैवाकाचे ठिसूळ तुकडे व काटे उडून इतरत्र रुजतात. केवळ शैवाक घालविण्यासाठी ताम्रयुक्त औषध फवारणे हाही अनाठायी खर्च आहे. झाडाची स्थिती तीच राहिल्यास शैवाक कालांतराने पुन्हा येते.

शैवाकांत सूक्ष्म कोळी व लहान कीटक राहतात. त्यांतील बरेच शैवाक खाऊन जगतात, पिकाला त्रास देत नाहीत. निखार पक्षी आपले घरटे कोळ्याच्या जाळ्याने विणून बाहेरून सालीचे व दगडफुलाचे तुकडे चिकटवितो, त्यामुळे ते फांदीवरील गाठीसारखे दिसते. हा पक्षी किडे व अळ्या टिपणारा असल्याने बागेचा मित्रच आहे.

रोपवाटिकेत फार काळ राहिलेल्या कलमांच्या बारीक काड्यांवर दाट थर आला असेल आणि डोळे झाकले जात असतील, तर पाऊस पडून थर मऊ झाल्यावर काथ्याच्या मऊ कुंचल्याने हलकेच पुसून काढावा. मोठ्या झाडांवर हे करू नये.

दगडफुलाचे उपयोग व एक दक्षता

टिंक्टोरम या लॅटिन शब्दाचा अर्थ 'रंगाऱ्यांचे' असा आहे. या गटातील शैवाके अमोनियायुक्त द्रवात मुरवून पूर्वी जांभळा रंग काढीत. शाळेत आम्ल व अल्क ओळखण्यासाठी वापरला जाणारा लिटमसही मुळात शैवाकांपासूनच काढला जात असे. आयुर्वेदात दगडफुलाला शैलेय म्हणतात. कोरडे असताना त्याला फारसा स्वाद नसतो, पण तेलात परतले की त्याचा खास वास सुटतो आणि मसाल्याला गडदपणा येतो.

शैवाकाला मुळे नसल्याने ते हवेतील सर्व काही शोषून घेते. गंधकाच्या धुरामुळे दूषित झालेल्या हवेत ते टिकत नाही. जपानमध्ये याच पार्मोट्रेमा टिंक्टोरम जातीला 'आलुबुखाराच्या जातीच्या झाडावरचे शेवाळ' अशा अर्थाचे नाव आहे, आणि शहरांतील हवेच्या प्रदूषणाची पाहणी करताना तेथील शास्त्रज्ञांनी तिचा उपयोग केला आहे. आपल्या बागेत मोठ्या पाळ्यांचे दगडफूल असणे हे हवा स्वच्छ असल्याचे चिन्ह होय.

याच गुणामुळे एक दक्षता घेणे आवश्यक आहे. आंब्याच्या बागेत मोहोरापासून फळे तयार होईपर्यंत कीटकनाशके व बुरशीनाशके फवारली जातात. शैवाक ती शोषून घेते आणि तांब्यासारखे धातू त्यात साठून राहतात. म्हणून फवारणी केलेल्या कलमांवरील किंवा रहदारीच्या रस्त्यालगतच्या झाडांवरील दगडफूल घरच्या मसाल्यात वापरू नये व विकूही नये. जंगलातील दगडफूल वनखात्याच्या परवानगीशिवाय काढू नये. तेथेही ते ओरबाडून काढल्यास पुन्हा त्याच आकाराचे होण्यास अनेक पावसाळे जावे लागतात.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१. सालीवरील दगडफूल हा रोग नाही. ते झाडातून अन्न घेत नाही.

२. ते अशक्त झाडावर वाढते, परंतु झाड त्याच्यामुळे अशक्त होत नाही.

३. बारीक फांद्यांवर दगडफूल वाढलेले दिसल्यास बुंधा, मुळे, खते व पाण्याचा निचरा तपासावा.

४. खोड खरवडू नये. केवळ दगडफुलासाठी फवारणी करू नये.

५. फवारणी झालेल्या झाडांवरील दगडफूल खाण्यात वापरू नये.

खोड खरवडण्यासाठी लागणारी मजुरी बागायतदारांनी आळी दुरुस्त करण्यात, शेणखत घालण्यात आणि प्रत्येक कलमाचा बुंधा पावसाळ्यानंतर एकदा वाकून पाहण्यात खर्च करावी. वाळणारे कलम वाचले तर त्यामुळेच वाचेल. खोडावरील दगडफूल तसेच राहिले तरी उत्पन्नात काही घट येत नाही.